पंधरा अँपिअरची मोटार
पेट्रोल नाही, गिअर नाही, आवाज नाही. बंगळुरूच्या चिमुकल्या ‘रेवा’चे चटकदार किस्से

येलहंका हे बंगळुरूचं उत्तर टोक. इथे सगळं कसं मोठं आणि दणदणीत! वायुदलाचा तळ, दर दोन वर्षांनी आभाळ हादरवणारा ‘एअरो इंडिया’, आणि 1984 पासून रेल्वेची चाकं ओतणारा कारखाना. शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत आहे. दोघांमधलं अंतर साधारण चाळीस किलोमीटर.

2001 मध्ये या दक्षिण टोकाहून एक गाडी रस्त्यावर आली. बुटकी, दोन दारांची, मागे उघडणारी डिकी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. एकदा चार्ज केली की ऐंशी किलोमीटर जाते, असं कंपनी सांगायची. म्हणजे बोम्मसंद्र्याहून निघा, येलहंक्याला पोहोचा, चहा प्या आणि परत या. झाली बॅटरी! वाटेत मल्लेश्वरममध्ये मावशीकडे डोकावायचं असेल तर आधी मावशीच्या घरी पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का ते विचारून घ्यायचं.

ही ‘रेवा’. भारतात कारखान्यातून रीतसर निघालेली, दुकानात विकली गेलेली आणि समुद्रापार जाऊन नाव (आणि थोडी बदनामीही) कमावून आलेली विजेची हॅचबॅक. घ्या तिचे किस्से.

आईचं नाव गाडीला

रेवाचे कर्तेकरविते चेतन मैनी. बंगळुरूच्या मैनी उद्योगसमूहातल्या सुदर्शन मैनींचे चिरंजीव. गाडीला नाव दिलं ते आईचं. नंतर त्या इंग्रजी अक्षरांत ‘क्रांतिकारी विद्युत वाहन’ वगैरे भारदस्त अर्थही बसवला गेला, पण मूळ हक्क आईचाच. मोटारींच्या जगात वाघ, घोडे, वादळं आणि ग्रीक देवता यांची नावं सर्रास असतात. घरातल्या बाईचं नाव थेट बॉनेटवर झळकण्याची उदाहरणं मात्र थोडी.

उन्हावर तीन हजार किलोमीटर

चेतन मैनी शिकायला गेले अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. तिथल्या विद्यार्थ्यांनी सूर्यप्रकाशावर चालणारी गाडी तयार केली होती, नाव ‘सनरनर’. 1990 मध्ये फ्लोरिडाहून मिशिगनपर्यंत झालेली सौर गाड्यांची शर्यत तिने जिंकली. मग स्वारी गेली ऑस्ट्रेलियाला. डार्विन ते ॲडलेड, म्हणजे उत्तर किनारा ते दक्षिण किनारा, सुमारे 3000 किलोमीटर. तिथे तिसरा क्रमांक. मैनी या चमूत होते.

पुढे त्यांनी स्टॅनफर्डला पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि कॅलिफोर्नियातल्या ‘अमेरिगॉन’ कंपनीत विजेच्या गाड्यांवर काम केलं. 1994 मध्ये मैनी समूह आणि अमेरिगॉन यांनी मिळून ‘रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी’ काढली. गाडी बाजारात यायला पुढे सात वर्षं लागली. मधल्या काळात जोडीदाराचं मन दुसरीकडे रमलं: अमेरिगॉन पुढे गाड्यांच्या गरम आणि गार होणाऱ्या सीटसाठी नावाजली आणि 2012 मध्ये ‘जेनथर्म’ झाली. आज महागड्या गाडीत बसल्यावर पाठीला गारवा लागला तर रेवाच्या या जुन्या भागीदाराची आठवण काढायला हरकत नाही.

किती छोटी? इतकी छोटी!

रेवाची लांबी 2638 मिलिमीटर. मारुती 800 होती 3335, आणि छोटेपणासाठी गाजलेली टाटा नॅनो 3099. म्हणजे नॅनोसुद्धा रेवापेक्षा जवळजवळ अर्धा मीटर लांब! रुंदी 1324 मिलिमीटर. वळायला साडेतीन मीटरची त्रिज्या पुरे. ज्या गल्लीत रिक्षावालाही ‘साहेब, इथेच उतरा’ म्हणतो, तिथे रेवा निवांत वळून परत यायची.

सीट चार, पण त्यांना कागदावर ‘दोन अधिक दोन’ म्हणत. पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं. मागच्या सीटवर मामंजींना बसवायचं धाडस ज्याने केलं असेल त्याने त्याचे परिणामही भोगले असतील.

सीटखाली पाव टन

रेवात बसायचं म्हणजे अक्षरशः बॅटरीवर बसायचं. पुढच्या सीटखाली आठ बॅटऱ्या, प्रत्येकी सहा व्होल्टची, जोडून 48 व्होल्ट. आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते त्याच जातीची लेड-ॲसिड बॅटरी. त्यामुळे कौतुकंही तीच करावी लागत: पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, आणि काही वर्षांनी नव्या संचासाठी खिसा मोकळा करा.

बॅटऱ्यांसकट गाडीचं वजन 665 किलो, बॅटऱ्या काढल्या तर साधारण 400. म्हणजे बॅटऱ्यांचा भार पाव टनाहून जास्त! चार माणसं बसण्याआधीच चार माणसांचं वजन गाडीत बसलेलं असायचं. पहिल्या पिढीच्या विद्युत गाड्यांचं सगळं दुखणं या एका आकड्यात आहे. पल्ला वाढवायला बॅटरी वाढवा, बॅटरी वाढली की वजन वाढतं, वजन वाढलं की पल्ला घटतो.

वजन वाचवायला मग लोखंडी पत्र्यावर कुऱ्हाड आली. आतमध्ये पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून एबीएस प्लॅस्टिकचे पॅनेल. पार्किंगमध्ये कुणी हलकासा धक्का दिला तर पोचा पडत नसे, पत्रा ठोकायला गॅरेज गाठायची गरज नसे.

किल्ली फिरवा, आणि वाट बघत बसू नका

रेवा पहिल्यांदा चालवणाऱ्याची फजिती ठरलेली. किल्ली फिरवली तरी काही होत नाही. पुन्हा फिरवली, तरी शांतता. शेवटी शेजारी बसलेला सांगणार, ‘अहो, चालू आहे!’

क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. एक गोल बटण: पुढे, मागे, न्यूट्रल, आणि चढाव आला की जोर लावायला ‘बूस्ट’. मोटर मागच्या बाजूला, ताकद मागच्या चाकांना. पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की तीच मोटर उलटं काम करून थोडी वीज बॅटरीत परत घाले. आज विद्युत गाड्यांच्या जाहिरातीत ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ मोठ्या अक्षरांत असतं. बंगळुरूच्या सिग्नलवर रेवावाले ते 2001 पासून गपचूप करत होते. सिग्नल जितके जास्त, तितका या सोयीला वाव; आणि सिग्नलची बंगळुरूला कधीच वाण नव्हती.

वेग सुरुवातीला ताशी 65 किलोमीटर, पुढच्या मॉडेलात 80. हेब्बाळच्या पुढे विमानतळाच्या रस्त्यावर हा वेग केविलवाणा. पण जयनगर ते एम. जी. रोड या रोजच्या वाटेवर ताशी ऐंशी गाठून दाखवणारा फेरारीवालाही विरळा!

‘ॲव्हरेज किती देते?’

मराठी माणसाचा गाडीला पहिला प्रश्न हाच. रंग नंतर, डिकी नंतर. रेवावाल्याची इथे पंचाईत व्हायची, कारण लिटरच नाही तर ॲव्हरेज कसलं?

तरी हिशोब सोपा आहे. आठ बॅटऱ्या, सहा व्होल्ट, 200 अँपिअर-तास. गुणाकार करा: 9.6 युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर मीटरवर साधारण दहा युनिट पडणार आणि त्यात ऐंशी किलोमीटर पार. युनिटला चार रुपये धरले तर चाळीस रुपयांत ऐंशी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला पन्नास पैसे. अडीच तासांत ऐंशी टक्के चार्जिंग, पूर्ण भरायला आठ तास. संध्याकाळी वॉशिंग मशीनच्या शेजारच्या सॉकेटला लावा, सकाळी काढा.

इथे एक मेख आहे. तळमजल्यावर घर असेल, अंगण असेल, तर सोन्याहून पिवळं. पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याने काय करायचं? खिडकीतून वायर सोडायची? सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट कुणाच्या मीटरवर घ्यायचं, हा वाद आज घरोघरी चाललाय. त्याचा नारळ रेवानेच फोडला.

येलहंक्याची गंमत: डिझेलवरची विजेची गाडी

आता परत येलहंक्यात या. 1990 च्या दशकात कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनने इथे वीजकेंद्र उभारलं. इंधन? डिझेल! सहा अजस्र जनरेटर, मिळून सुमारे 128 मेगावॉट. विजेची टंचाई असली की ही मंडळी घरघरायची.

म्हणजे शहराच्या एका टोकाला धूर न सोडणारी मोटार तयार होतेय, आणि दुसऱ्या टोकाला डिझेल जाळून वीज तयार होतेय. रेवाच्या बॅटरीतले काही युनिट येलहंक्याच्या डिझेलचे नसतीलच, असं छातीठोकपणे कोण सांगणार? विद्युत गाडी किती स्वच्छ हे गाडीवर कमी आणि सॉकेटच्या पलीकडे काय जळतंय यावर जास्त ठरतं, हा धडा गिरवायला येलहंक्यासारखी जागा नाही. आता त्याच आवारात गॅसवर चालणारं 370 मेगावॉटचं केंद्र उभं आहे.

तसं पाहिलं तर वीज आणि बंगळुरू हे नातं जुनं. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज आणून 5 ऑगस्ट 1905 रोजी या शहराने रस्त्यावर विजेचे दिवे लावले. आशियात असं करणाऱ्या पहिल्यावहिल्या शहरांत त्याची गणना होते. विजेची गाडी इथेच जन्मावी हे साजेसंच झालं.

थोरली भावंडं: बादल, डॉल्फिन, मीरा

छोट्या गाडीचा नाद बंगळुरूला रेवाच्या आधीपासून. सत्तरच्या दशकात इथल्या सनराइज कंपनीने (पुढची सिपानी ऑटोमोबाइल्स) ‘बादल’ काढली. चाकं तीन, अंग फायबरग्लासचं, इंजिन स्कूटरला शोभेल असं 198 सीसीचं. 1982 च्या सुमारास आली ‘डॉल्फिन’. ब्रिटनच्या रिलायंट किटन गाडीवरून घेतलेली, 848 सीसीची, फायबरच्याच अंगाची. कुटुंबांनी तिला फारसं जवळ केलं नाही, पण हलक्या वजनामुळे ती शर्यतीच्या पोरांची लाडकी झाली. नंतर चार दारांची ‘मोंटाना’ आली. तोवर मारुतीने बाजार काबीज केला होता.

विजेच्या बाबतीतही रेवाला एक पूर्वसूरी होता. केरळातल्या चालकुडीच्या ‘एडी करंट कंट्रोल्स’ने 1993 मध्ये ‘लव्हबर्ड’ नावाची दोन सीटची विद्युत मोटार दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली होती. नाव गोड, विक्री मोजकी.

आणि आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी कसे विसरायचे? शालेय शिक्षण बेताचं, पण हातात जादू. चाळीसच्या दशकात त्यांनी ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः तयार केली, पुढची पंचवीसेक वर्षं तिची मॉडेलं सुधारत नेली आणि बारा हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला गाडी द्यायचं स्वप्न पाहिलं. सरकारी परवानगीच्या दारात ती गाडी अडली ती अडलीच. पुण्यात टाटांची इंडिका 30 डिसेंबर 1998 ला बाजारात आली, तेव्हा मीराच्या पहिल्या नमुन्याला पन्नासेक वर्षं होत आली होती.

लंडनमध्ये ‘जी-विझ’

रेवाचं खरं भाग्य उजळलं ते सातासमुद्रापार. 17 फेब्रुवारी 2003 पासून लंडनच्या मध्यभागात गाडी घेऊन शिरायला दिवसाला पाच पौंड कर लागू झाला. 2005 मध्ये तो आठ पौंड झाला. विजेच्या गाड्यांना मात्र माफी. वर मध्य लंडनच्या काही भागांत पार्किंगही फुकट!

‘गोइंगग्रीन’ नावाच्या कंपनीने रेवा तिकडे नेली आणि बारसं केलं ‘जी-विझ’. हिशोब बघा: कामाचे 250 दिवस गुणिले आठ पौंड म्हणजे वर्षाला 2000 पौंडांची बचत. पार्किंगचे पैसे वेगळे. लंडनचा चाकरमानी हा गुणाकार करून मोकळा झाला. ब्रिटनमध्ये हजाराच्या आसपास जी-विझ धावल्या, त्यातल्या बहुतेक लंडनमध्येच. काही काळ ‘विजेची गाडी’ म्हटलं की लंडनकराच्या डोळ्यांसमोर बोम्मसंद्र्याचीच गाडी यायची. टेस्लाचा तेव्हा बोलबालाही नव्हता.

टिंगल आणि टक्कर

प्रसिद्धीबरोबर टवाळी आलीच. ‘टॉप गिअर’ या बीबीसीच्या कार्यक्रमाचे जेरेमी क्लार्कसन यांनी जी-विझची यथेच्छ टर उडवली. ते एकवेळ सोडा, पण 2007 मध्ये ‘टॉप गिअर’ मासिकाने तिची टक्कर चाचणी घेतली आणि त्यातून आलेलं चित्र चिंतेचं होतं.

यातली ग्यानबाची मेख कायद्यात होती. युरोपात जी-विझची नोंद ‘मोटार’ म्हणून नव्हतीच. ती होती ‘क्वाड्रिसायकल’: चार चाकांचं हलकं वाहन. त्या वर्गाला मोटारींच्या टक्कर चाचण्या लागू नव्हत्या. नियमात बसली म्हणून सुरक्षित ठरली असं होत नाही, हे या निमित्ताने सगळ्यांना कळलं. कंपनीनेही नंतरच्या मॉडेलात पुढे डिस्क ब्रेक दिले आणि सांगाडा मजबूत केला. 2009 मध्ये लिथियम-आयन बॅटरीची रेवा आली आणि पल्ला 120 किलोमीटरवर गेला.

दिवाळीला गावी कसं जायचं?

लंडनमध्ये चालली ती बंगळुरूत का अडखळली? उत्तर पल्ल्यात आहे असं सगळे म्हणतात. पण शहरात रोज ऐंशी किलोमीटर गाडी चालवणारी माणसं किती? खरं उत्तर दिवाळीत आहे.

समजा, बंगळुरूत नोकरी करणारं बेळगावचं कुटुंब. अंतर साधारण 500 किलोमीटर. रेवाने निघायचं तर ऐंशी-ऐंशीचे सात टप्पे आणि वाटेत सहा वेळा पूर्ण चार्जिंग. दर वेळी आठ तास, म्हणजे एकूण 48 तास. अख्खे दोन दिवस तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी करत कुणाच्या तरी सॉकेटला लटकून काढायचे! फराळाचा डबा बेळगावला पोहोचेपर्यंत रिकामा. त्याच वेळी जुनी मारुती 800 सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला हजर.

लंडनकराने जी-विझ घेतली ती दुसरी गाडी म्हणून. गावी जायला त्याच्याकडे पहिली होती, नाहीतर आगगाडी होतीच. आपल्याकडे 2001 मध्ये मध्यमवर्गीय घरात गाडी एकच, आणि तीही कर्जावर. ती रोज ऑफिसला जाणार, रविवारी मॉलला जाणार, मे महिन्यात कोकणात जाणार आणि लग्नसराईत नऊ माणसं कोंबून कार्यालयात जाणार. वर्षातले 350 दिवस शहरात फिरणारी गाडी आपण उरलेल्या पंधरा दिवसांसाठी निवडतो. रेवा त्या 350 दिवसांची गाडी होती. तिला पंधरा दिवसांच्या परीक्षेला बसवलं आणि नापास केलं.

एसएमएस करा, दहा किलोमीटर मिळवा

2009 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात रेवाने दोन नव्या गाड्या दाखवल्या. एनएक्सआर ही चार माणसांची हॅचबॅक, आणि एनएक्सजी ही उघड्या छपराची दोन सीटची नखरेल गाडी. दुसरीचं रूप घडवलं होतं डी. सी. डिझाइनच्या दिलीप छाब्रियांनी.

पण भाव खाऊन गेली ती ‘रिव्हाइव्ह’ ही सोय. बॅटरी संपून गाडी रस्त्यात बसली तर कंपनीला फोन करायचा किंवा एसएमएस पाठवायचा. तिकडे बसलेली यंत्रणा दुरूनच बॅटरी तपासणार आणि राखून ठेवलेली थोडी वीज मोकळी करणार. घरापर्यंत पोहोचण्यापुरती! स्कूटरची पेट्रोल टाकी रिझर्व्हला लागायची, तशी ही मोबाइलवरून लागणारी रिझर्व्ह. मोटार इंटरनेटला जोडलेली असणं आज नवलाईचं राहिलेलं नाही. तेव्हा भारतात बहुतेकांच्या खिशात बटणांचा फोन होता.

एकाशी बोलणी, दुसऱ्याशी लग्न

त्याच सप्टेंबर 2009 मध्ये जनरल मोटर्सने रेवाशी हातमिळवणी केली. शेव्हर्ले स्पार्कला विजेवर चालवायचं ठरलं, जानेवारी 2010 च्या दिल्लीतल्या प्रदर्शनात गाडी दाखवूनही झाली. आणि मे 2010 मध्ये महिंद्राने रेवाचे 55.2 टक्के समभाग घेतले! प्रतिस्पर्ध्याच्या घरात गेलेल्या भागीदाराशी जनरल मोटर्स कशाला बोलणार? त्यांनी काढता पाय घेतला.

शेवटपर्यंतचा हिशोब धरला तर जगभरात, 26 देशांत मिळून साडेचार हजारांच्या आसपास रेवा विकल्या गेल्या. मारुतीच्या विक्रीपुढे हा आकडा म्हणजे किस झाड की पत्ती. पण त्या काळात विजेच्या गाड्या इतक्या देशांत विकणारे कारखाने जगातही बोटांवर मोजण्याइतकेच होते.

ई2ओ: मुहूर्त चुकला

महिंद्राने बोम्मसंद्र्यात वर्षाला 30,000 गाड्यांच्या क्षमतेचा नवा कारखाना उभारला. मार्च 2013 मध्ये ‘ई2ओ’ आली. लिथियम-आयन बॅटरी, 100 किलोमीटरचा पल्ला, चार मोठी माणसं बसतील अशी जागा. दिल्लीत राज्याचं अनुदान धरून रस्त्यावरची किंमत 5.96 लाख.

मात्र केंद्र सरकारचं विद्युत वाहनांचं अनुदान मार्च 2012 मध्येच संपलं होतं आणि नवी ‘फेम’ योजना यायला एप्रिल 2015 उजाडला. नेमक्या या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात ई2ओ बाजारात उतरली. सहा लाखांत पाच दारांची, कुठेही जाणारी पेट्रोल हॅचबॅक मिळत असताना दोन दारांची गाडी कोण घेणार? 2016 मध्ये चार दारांची ‘ई2ओ प्लस’ आली, तोवर उशीर झाला होता. 2019 मध्ये उत्पादन थांबलं. अठरा वर्षांची वंशावळ तिथे संपली.

पण हिशोब संपला नाही

चेतन मैनींनी 2017 मध्ये उदय खेमका यांच्यासोबत ‘सन मोबिलिटी’ सुरू केली. काम काय? रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवून देणं. आठ तास सॉकेटपाशी बसण्यावरचा उतारा ज्याने ते भोगलं त्यानेच शोधावा, हे रास्तच. 2018 मध्ये विद्युत वाहनांना हिरव्या नंबरप्लेट आल्या. सप्टेंबर 2022 मध्ये टाटांनी टियागो ही सरळसाधी कौटुंबिक हॅचबॅक विजेवर आणली.

आणि 2023 मध्ये आली एमजीची कॉमेट. लांबी 2974 मिलिमीटर, दारं दोन, सीट चार, खास शहरात फिरण्यासाठी. ओळखीची वाटते ना? फरक इतकाच की रेवाकडे 9.6 युनिटची बॅटरी होती, कॉमेटकडे 17.3 युनिटची आणि कंपनीचा दावा 230 किलोमीटरचा. एवढ्या वर्षांत गाडीचं सूत्र तेच राहिलं. बदलली ती बॅटरी, आणि बदललं आपलं घर. आता बऱ्याच घरांत दुसरी गाडी परवडते, आणि या दुसऱ्या गाडीला दिवाळीत बेळगावला जावं लागत नाही.

जाता जाता

तुम्ही येलहंक्यात असा नाहीतर येरवड्यात, पुढची गाडी घेण्याआधी एक महिनाभर ओडोमीटरचा आकडा रोज रात्री वहीत टिपून ठेवा. तीस दिवसांत किती वेळा ऐंशीच्या वर गेलात ते मोजा. गावच्या फेऱ्या वेगळ्या काढा आणि त्यांना भाड्याची गाडी केली तर वर्षाला किती पडतील तेही मांडा. दोन्ही आकडे समोर आले की मग शोरूमची पायरी चढा. सेल्समनने पल्ल्याची कितीही पिपाणी वाजवली, तरी तुम्हाला किती लागतो ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.